मूळ रंग कुठला? : जुनी गाडी, नवा दरवाजा

जुन्या गाडीच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘ओरिजिनल कलर’ हे दोन शब्द हमखास असतात. ‘डॉक्टरांनी वापरलेली’ आणि ‘एकहाती’ यांच्याच पंगतीतले. वाचणाऱ्याने मान डोलवावी आणि पुढे जावे अशी अपेक्षा असते. पण जरा थांबून बघितले तर या दोन शब्दांचे तीन अर्थ निघतात आणि ते एकमेकांना छेद देतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी तिच्यावर होता तो रंग, हा एक. कारखान्याच्या यादीत ज्याला नाव किंवा क्रमांक होता तो, हा दुसरा. आणि पन्नास उन्हाळे खाऊन आज गाडीवर प्रत्यक्षात दिसतो तो तिसरा. पहिला आता अस्तित्वातच नाही. दुसरा कागदावर आहे. तिसरा डोळ्यांसमोर आहे, पण त्याला मूळ म्हणायला कुणी धजावत नाही.

गाडी उभी आहे तोवर या तिघांचे भांडण झाकलेले राहते. एखादे मडगार्ड चेपले, एखादा दरवाजा गंजला, नवा पत्रा बसवला आणि त्याला उरलेल्या गाडीशी जुळेल असा रंग द्यायची वेळ आली, की ते उघडे पडते. तिघांपैकी एकाशी इमान राखावे लागते आणि दोघांना दगा द्यावा लागतो. गॅरेजमध्ये याला ‘मॅचिंग’ म्हणतात. जुन्या भित्तिचित्राची डागडुजी करणारा किंवा जुन्या पोथीची संहिता ठरवणारा माणूस जो निर्णय घेतो, तोच हा निर्णय आहे. फरक इतकाच, की त्या दोघांवर ग्रंथ लिहिले जातात आणि गॅरेजमधल्या पेंटरला ‘कधी देताय?’ एवढेच विचारले जाते.

मॅचिंग हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा आहे तो ब्लाउजपीसच्या दुकानांमुळे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आईबरोबर गेले की दुकानदार साडीचा पदर आणि कापडाचा तागा दोन्ही उचलून दारापर्यंत यायचा. ‘ताई, ट्यूबखाली बघू नका, उजेडात बघा.’ यात शंभर वर्षांचे रंगशास्त्र आहे. साडीतला रंग एका रसायनाने आलेला असतो, ब्लाउजपीसमधला दुसऱ्या. एका प्रकारच्या दिव्याखाली दोघांवरून परतणारा प्रकाश डोळ्याला सारखा भासतो; दिवा बदलला की फरक उघडा पडतो. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानदाराला शब्द माहीत नव्हता, दार माहीत होते.

गाडीच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ अटळ आहे. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत गाड्यांवरचे कितीतरी पिवळे, नारिंगी आणि लाल रंग शिशाच्या क्रोमेटपासून बनलेल्या रंगद्रव्यांवर उभे होते. क्रोम पिवळ्यात प्रशियन निळा मिसळून हिरवेही केले जात. शिसे विषारी, म्हणून ती रंगद्रव्ये हळूहळू बाजूला पडली आणि त्यांच्या जागी दुसरी आली. तेव्हा आज कुणी त्या काळातला पिवळा ‘तंतोतंत’ जुळवून देतो म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच, की एका प्रकाशात तो जुळतो. दुपारच्या उन्हात एकसंध दिसणारी गाडी रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली दोन तुकड्यांची होऊ शकते.

यावर आता यंत्र आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाची हातात मावणारी पेटी पत्र्यावर टेकवायची, ती रंग मोजते आणि फॉर्म्युला सुचवते. दोन रंगांमधले अंतर ती एका आकड्यात सांगते, त्याला डेल्टा ई म्हणतात; तो एकच्या आसपास असेल तर साधारण डोळ्याला फरक जेमतेम कळतो, असा ठोकताळा. यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच्या आकड्यामागेही कुणाचे तरी डोळेच आहेत. रंगातला किती फरक माणसाला जाणवतो याचा पायाभूत अभ्यास डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातली मोजमापे मुख्यतः एकाच निरीक्षकाच्या नजरेवर घेतलेली होती. शिवाय यंत्र फार आज्ञाधारक. ज्या ठिपक्यावर टेकवाल तिथला रंग ते सांगते. कुठे टेकवायचे, हे सांगत नाही.

आणि सगळी मेख तिथेच आहे. बॉनेटवर टेकवले तर उन्हाने खाल्लेला रंग मिळतो. पेट्रोलच्या झाकणाच्या आत टेकवले तर वेगळा. खिडकीचे रबर उचलून त्याखाली टेकवले तर आणखी वेगळा, कारण तिथे ऊन कधी पोचलेलेच नसते. एकाच गाडीच्या या तीन प्रती. प्रमाण कुठली मानायची?

मराठीत रंग विटतो. मनही विटते, जेवणही विटते. या क्रियापदात नापसंती मुरलेली आहे. उलट लोणचे मुरते, नाती मुरतात, त्यांत काळ हा मित्र असतो. गाडीच्या रंगाविषयी बोलताना आपण हटकून पहिले क्रियापद वापरतो, आणि तिथेच निम्मा निकाल लागून जातो. खरे तर रंगांना नावे देताना मराठी माणूस काळाला इतका भीत नव्हता. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, शेवाळी, गव्हाळ, बदामी : ही सगळी बदलत्या वस्तूंची नावे आहेत. कच्चे डाळिंब आणि पिकले डाळिंब यांत कुठला डाळिंबी, असे कुणी आजीला विचारले नाही. तिथे नाव हा एक टापू होता. कारखान्याच्या क्रमांकाने त्याचा ठिपका केला. प्रत्यक्षात कारखान्यातही तो ठिपका कधी नव्हताच. एका घाणीतला रंग पुढच्या घाणीशी हुबेहूब जुळत नसे, गन धरणारा हात बदलला तरी छटा बदले. क्रमांक म्हणजे गाठायचे ठिकाण होते. प्रत्येक गाडी त्याच्या जवळपास कुठेतरी पोचलेली होती.

आता हे सगळे मला का सुचले ते सांगते. आमच्या घरी बाबांची १९६८ सालची फियाट डिलाइट आहे. ‘डुक्कर’ नव्हे, ती त्याआधीची, गुबगुबीत. पुढे जिचे नाव प्रीमिअर पद्मिनी झाले त्याच घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रंग असा, की आई त्याला शेवाळी म्हणते, दादा राखाडी म्हणतो आणि कुठल्याही शेड कार्डवर तो सापडत नाही. बाबा गेल्यावर ती चार वर्षे ताडपत्रीखाली होती. मागचा डावा दरवाजा खालून इतका गंजला की पत्रा लावण्यातही अर्थ राहिला नाही, म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरा आणला. तो आतून-बाहेरून काळा होता. टॅक्सीचा.

दादाचे मत स्वच्छ होते. पूर्ण गाडी खरवडायची, मूळ रंग शोधायचा, पीयू मारायचा आणि वर क्लिअर कोट. माझे मतही तितकेच स्वच्छ होते : बाबांच्या गाडीवर बाबांच्या वेळचा रंग आहे, तो जसा आहे तसा ठेवायचा आणि फक्त दरवाजा त्याच्याशी जुळवायचा. आमच्या पेंटर मिस्त्रींनी दोघांचे ऐकून घेतले. मग थिनरमध्ये फडके भिजवले, बाहेरच्या दरवाजावर एका कोपऱ्यात घासले. फडके हिरवट झाले. तेच डिकीच्या आत, चटईखाली घासले. फडके कोरडेच राहिले.

‘ताई, हा वरचा रंग कंपनीचा नाही,’ ते म्हणाले. ‘हा एनसी. मागनं कुणीतरी मारलाय. आतला भट्टीतला आहे, तो थिनरला दाद देत नाही.’

नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे गॅरेजमधला एनसी, वाळतो तो फक्त त्यातला द्रव उडून गेल्यामुळे. म्हणून चाळीस वर्षांनीही थिनर लावला की विरघळतो. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँटचा ड्युको वापरायला घेतला तो याच जातीचा. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्युकोने ते काम काही तासांवर आणले. आपल्याकडे फर्निचरवाल्यांच्या तोंडी ‘ड्युको’ अजून आहे. भट्टीत भाजलेल्या इनॅमलची गोष्ट वेगळी. तो वाळताना रासायनिकदृष्ट्या बदलतो, साखळ्या जुळतात, आणि मग मागे फिरत नाही.

आईला विचारले तेव्हा तिला आठवले. आत्याच्या लग्नाआधी, १९८४ साली, बाबांनी गाडी रंगवून घेतली होती. म्हणजे मी ज्याला मूळ म्हणत होते ती दुसरी आवृत्ती होती. आणि दादा ज्याला मूळ म्हणत होता तो डिकीतला रंग थोडा निळसर होता, बाबांनी सोळा वर्षे चालवून मग झाकून टाकलेला. आमच्या भांडणाला तोवर जे बळ होते ते एका फडक्याने काढून घेतले. मग उरला तो खरा प्रश्न : पहिली प्रत प्रमाण मानायची, की रूढ झालेली?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याआधीच्या तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथांचा हात इतका तयार होता की त्यांनी कुठे काय बदलले ते आज वाचताना कळत नाही, आणि पुढे कुणी ओवी घुसडू नये म्हणून त्यांनी चांगला दमही भरून ठेवला आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा झालेले वाद सर्वश्रुत आहेत. दुसरीकडे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे, १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक चाललेली. सुकथनकरांनी अगदी स्पष्ट सांगून ठेवले होते, की ही व्यासांची मूळ संहिता नाही. हाती असलेल्या हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येते तितके जाऊन मिळालेली आहे. आणि जे वगळले ते फेकले नाही. पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत ते जपून ठेवले.

नाथांची जुळणी सांधा दिसू देत नाही. भांडारकरची सांधा दाखवते. उत्तम गाडी-पेंटर आजवर पहिल्या पंथाचा मानला गेला आहे : सांधा दिसला की तो नापास. माझा आक्षेप या निकषालाच आहे.

कारण न दिसणारा सांधा फुकट मिळत नाही. मेटॅलिक रंगाचे उदाहरण घ्या. त्यात अ‍ॅल्युमिनिअमची बारीक चकती असते. ती कशी आडवी बसते यावर समोरून आणि कडेने दिसणारा रंग ठरतो. पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलवताना जसा रंग पालटतो, तसेच काहीसे. हवेचा दाब, गनचे अंतर, कोट ओला की सुका, यांतल्या कशानेही चकत्यांची बैठक बदलते, आणि बरोबर फॉर्म्युलाही चुकीचा दिसतो. म्हणून पेंटर नुसता दरवाजा रंगवून थांबत नाही. तो रंग शेजारच्या पॅनेलवर विरत नेतो आणि त्या अख्ख्या पॅनेलवर क्लिअर कोट मारतो. डोळा फसतो, गिऱ्हाईक खूश होते. पण एका दरवाजासाठी पुढचा दरवाजा आणि मागचे मडगार्ड, म्हणजे धडधाकट जुना रंग असलेले दोन भाग, नव्या थराखाली गेले. जुळणी जितकी निर्दोष, तितका जुना रंग जास्त गाडला जातो. हे सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही.

चित्रांच्या जगाने यावर एक तोड काढली होती. रोममध्ये १९३९ साली जीर्णोद्धाराची मध्यवर्ती संस्था निघाली. चेझारे ब्रांदी तिचे पहिले संचालक. युद्धात विदीर्ण झालेल्या भित्तिचित्रांतल्या रिकाम्या जागा तिथे बारीक उभ्या रेघांनी भरायला सुरुवात झाली. लांबून चित्र सलग दिसते. जवळ गेले की रेघा दिसतात आणि हे नंतरचे आहे हे कळते. दुसरी अट अशी, की जे केले ते पुढे कुणाला काढता आले पाहिजे. २०१२ साली जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, तुरिनची सनद केली. वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे आणि हाच विचार थोडा सौम्य करून मांडते.

गाडीवर रेघा मारता येत नाहीत, हे उघड आहे. चकचकीत सलग पृष्ठभाग ही गाडीची सगळी देहबोली. तिच्यावर रेघ म्हणजे ओरखडा. पण दोन्ही अटी दुसऱ्या वाटेने पाळता येतात. साध्या, चकती नसलेल्या रंगात दरवाजाची फट हीच नैसर्गिक सीमा आहे, तिथे थांबावे. आणि रंगाची जात निवडताना पुढच्याचा विचार करावा. मिस्त्रींनी इथे जे सांगितले ते मला कुठल्याही सनदेपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्यांचे म्हणणे, पीयू मारला तर आज जुळेल, पण पाच-सात वर्षांनी दरवाजा आहे तिथेच राहील आणि बाकी गाडी पुढे जाईल. दोन रंग वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात. एनसी मारला तर दोन्ही जवळपास एका चालीने जातील, आणि पुढे कुणाला नको असला तर थिनरने निघेलही. जुळणीला तारीख असते, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

आम्ही १९८४ चा रंग धरला. का, तर डिकीतल्या रंगाला मान देण्यासाठी बाबांनी निवडलेला रंग अख्ख्या गाडीवरून पुसावा लागला असता, आणि उलट बाजूने काहीच पुसावे लागत नव्हते. डिकीतला होता तिथे सुरक्षित होता. दादाला हे पूर्ण पटलेले नाही. त्याचा मुद्दाही सांगायला हवा, कारण तो हलका नाही : विटलेल्या रंगाशी नवा रंग जुळवणे म्हणजे नव्या दरवाजाला खोटे म्हातारपण देणे, ताम्हणाला मुद्दाम डाग पाडून पुरातन म्हणून विकणाऱ्यांसारखे. यावर माझे उत्तर एवढेच, की दरवाजाची आतली बाजू आम्ही टॅक्सीची काळी ठेवली आहे. दार उघडले की कुणालाही कळते.

मिस्त्रींनी तीन दुपारी घालवल्या. सकाळचे ऊन नको म्हणाले; दुपारनंतर सावलीत. आधी पुढच्या दरवाजावर हलके कंपाउंड फिरवून वरची मेलेली साय काढली, कारण धुळकट थराशी जुळवलेला रंग पहिल्या पॉलिशला उघडा पडतो. मग पांढऱ्यात हिरवा, पिवळा ऑक्साइड, आणि काडीच्या टोकावर काळा. दर वेळी पत्र्याच्या तुकड्यावर मारून वाळेपर्यंत थांबायचे, कारण ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. सातव्या तुकड्याला ते गप्प झाले.

याच्या अगदी उलट टोकाला स्पर्धांच्या हिरवळीवरच्या गाड्या असतात. तिथला रंग कारखान्यातून निघताना होता त्याहून सपाट आणि खोल असतो. साठीच्या दशकातल्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसायचा आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा असायचा. तो वॉटर पेपरने घासून नाहीसा करतात आणि वर काचेसारखा थर चढवतात. राल्फ लॉरेन यांची बुगाटी अटलांटिक १९३८ साली निळी होती, आज ती काळी आहे, आणि १९९० साली पेबल बीचला तिनेच सर्वोच्च मान पटकावला. ती काळ्यात अप्रतिम दिसते, यात वाद नाही. पण ते संपादन नव्हे, रूपांतर आहे, आणि त्याला तसे म्हणावे. आपल्याकडच्या चित्रपटांत आणि मालिकांत सत्तरीच्या दशकातला रस्ता दाखवतात तेव्हाही हाच रोग दिसतो : प्रत्येक फियाट काल रंगवलेली. जणू १९७५ साली मुंबईत जुनी गाडीच नव्हती.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मात्र या सगळ्या वादाला कधी जुमानले नाही. पासिंग आले की रंग मारायचा, मिळेल त्या डब्यातला. एकाच स्टँडवर हळदीचा पिवळा, आंब्याचा पिवळा, लिंबाचा पिवळा शेजारी शेजारी उभे असत आणि तरी सगळ्यांचा रंग एकच होता. तिथे जुळायचे होते ते नावाशी, आजीच्या डाळिंबीसारखे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ती रस्त्यावरून गेली. आता कुणी संग्रहालयासाठी तशी टॅक्सी रंगवायला घेईल आणि ‘खरा’ पिवळा कुठला म्हणून यंत्र टेकवेल, तेव्हा त्याने किमान चार टॅक्सी रंगवाव्यात, चार पिवळ्यांत.

एक गोष्ट या चर्चेत कुणाच्या लेखी नसते. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासावाटे गेले तर दमा जडू शकतो, म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आपल्या बहुतेक गॅरेजांत रुमाल असतो. थिनरची वाफही काही अमृत नाही. मूळ रंगाच्या निष्ठेवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी, माझ्यासकट, रंगाच्या बिलात मुखवट्याची ओळ आहे का ते आधी बघावे. आमच्या बिलात ती आम्ही घालायला लावली. मिस्त्री पहिल्या दिवशी हसले, ‘चष्म्यावर वाफ येते’ म्हणून त्यांनी तो दोनदा काढून ठेवला, आणि मग घातला.

सातव्या तुकड्याच्या मागे त्यांच्याकडून मिश्रणाचे प्रमाण लिहून घेतले आहे, तारखेसह. शेजारी डिकीतल्या रंगाची नोंद आणि १९८४. तुकडा डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दादाने त्याखाली पेन्सिलीने आपला विरोध नोंदवला आहे.